आजोबांचा जपान

जपानबद्दलचं माझं मत मला वडिलोपार्जित मिळालं, मुरमाड रानाच्या चार एकर तुकड्याबरोबर. रानात मी नंतर बोअर मारली, डाळिंब लावलं, तेल्या आला तेव्हा उपटूनही टाकलं. मताला मात्र साठी ओलांडेपर्यंत हात लावला नाही.

आजोबा सोलापूरच्या गिरणीत होते. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू गावांतून गिरणीचा भोंगा गाठणाऱ्यांची त्या काळी रीघच होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते विशीत होते. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी मार बसायचा, असं ते सांगत. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं आजोबा एका दमात घ्यायचे, कुठलाही वार असो, कुठलाही विषय असो. आणि त्यांच्या पाठोपाठ ठरलेलं वाक्य यायचं, "इंग्रजाची मस्ती उतरवली ती जपान्यानं. सिंगापूर पडलं त्या दिवशी गिरणीत पेढं वाटल्यालं मी बघितलंय." पेढे खरंच वाटले गेले होते का, मला माहीत नाही. आजोबांनी ते पाहिले होते, एवढं त्या वयात पुरेसं होतं.

घरात देवांच्या बाजूला दोन तसबिरी होत्या. एक नेताजींची, लष्करी वेशातली. दुसरी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. नेताजी सगळ्या देशाचे म्हणून, कोटणीस आपल्या सोलापूरचे म्हणून. कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते जपानी सैन्यानं घायाळ केलेल्या चिनी सैनिकांवर आणि शेतकऱ्यांवर उपचार करायला. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच गेले. त्यानंतर पाचेक महिन्यांत नेताजी टोकियोत पोचले, जपानची मदत मागायला. म्हणजे एकाच भिंतीवरच्या, एकाच उदबत्तीचा वास घेणाऱ्या या दोन माणसांत एक जपानविरुद्ध झिजून मेला होता आणि दुसरा जपानच्या विमानात. घरात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर पुढं इतिहासाचा मास्तर झालो.

तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी नोकरीभर इतिहास शिकवला. १९०५ चा भाग आला की माझा आवाज चढायचा. त्सुशिमाच्या समुद्रात टोगोनं रशियाचं आरमार बुडवलं आणि गोरा माणूस हरू शकतो हे आशियाला कळलं. मग मी तिथून महाराष्ट्रात यायचो. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडते आणि १९१६ मध्ये आपल्याकडं महिला विद्यापीठ उभं राहतं. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघतो, तो जपानात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेयांच्या देखरेखीखाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीची वाट शोधत निघतात ते आधी जपानला आणि मग अमेरिकेला. यातलं सगळं खरं आहे, आजही मी ते तसंच सांगेन. पण त्या सगळ्याच्या डोक्यावर मी फळ्यावर जो मथळा लिहायचो, 'जपान: आशियाचा मुक्तिदाता', तो आता माझ्याच्यानं लिहवत नाही.

मत बदलायला कारण ठरले जनरल जयंतो नाथ चौधुरी, आणि तेही आडवळणानं. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवरची कारवाई सुरू झाली तेव्हा मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेनं शिरली. तिचे सेनापती चौधुरी. आमच्याकडच्या जुन्या माणसांत अजून ते रणगाडे धडधडतात. रझाकारांच्या धाकानं सीमेपलीकडून सोलापुरात आलेली कुटुंबं, त्यांच्या छावण्या, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. निवृत्तीनंतर या विषयावर काही लिहावं म्हणून मी चौधुरींची कारकीर्द चाळत होतो. त्यात एक ओळ आली. दुसऱ्या महायुद्धात सोळाव्या लाइट कॅव्हलरीचे ते कमांडिंग ऑफिसर होते, आणि ब्रह्मदेशानंतर रेजिमेंटसह फ्रेंच इंडोचायनात आणि जावात होते. म्हणजे व्हिएतनाममध्ये. १९४५ च्या शेवटी. तेव्हा तर महायुद्ध संपलं होतं. मग भारतीय चिलखती गाड्या सायगावात काय करत होत्या?

व्हिएतनाम हे नाव तोवर आमच्या तालुक्यात एकाच कारणानं निघायचं. पुतण्यानं डाळिंब काढून सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट चढवलंय. रोपं घेताना कुणीतरी त्याला सांगितलं की या फळाचा खरा बाजार व्हिएतनामच्या हातात आहे. त्यानं मला विचारलं, "काका, ह्यो देश नेमका कुनाचा व्हता?" मी म्हणालो, आधी फ्रेंचांचा, मग अमेरिका तिथं हात पोळून गेली. मधली पाच वर्षं मी सरळ गाळली. गाळली म्हणण्यापेक्षा मला ती ठाऊकच नव्हती.

त्या पाच वर्षांकडं जाताना मला आधी चाळीस वर्षं मागं जावं लागलं, फान बोई चाऊ या माणसाकडं.

फान बोई चाऊ १८६७ चा. मध्य व्हिएतनामातल्या न्घे आन या गरीब, खडकाळ आणि म्हणूनच बहुधा बंडखोर प्रांतातला. जुन्या पद्धतीनं चिनी ग्रंथ घोकलेला पंडित. रशिया हरत चालला आहे हे कळल्यावर १९०५ मध्ये तो चोरून देशाबाहेर पडला आणि योकोहामाला उतरला. जपानी येत नव्हतं. पण चीन, जपान आणि व्हिएतनाम या तिन्ही देशांतले शिकलेले लोक चिनी अक्षरं वाचत, त्यामुळं समोरासमोर बसून कागदावर ब्रशनं लिहीत संभाषण चालायचं. योकोहामात परागंदा असलेला चिनी सुधारक लियांग छिचाव त्याला भेटला, आणि त्याच्यामार्फत ओकुमा शिगेनोबु आणि इनुकाई त्सुयोशी हे जपानचे बडे पुढारी. फाननं त्यांच्याकडं बंदुका मागितल्या. त्यांनी सांगितलं, बंदुका दिल्या तर आमचं फ्रान्सशी युद्ध होईल. त्यापेक्षा तुमची पोरं पाठवा, आम्ही शिकवतो. बंदुका आणायला गेलेला माणूस शाळेचे दाखले घेऊन परतला. पण त्यानं तेही मनावर घेतलं. 'डोंग दू', म्हणजे पूर्वेकडं चला, ही चळवळ त्यातून उभी राहिली. १९०८ पर्यंत दोनेकशे व्हिएतनामी मुलं जपानात शिकत होती, काही तर लष्करी विषय शिकवणाऱ्या शाळेत. राजघराण्यातला कुओंग दे हा तरुणही येऊन सामील झाला, कारण फानच्या मते लोकांना एकत्र बांधायला राजाचं नाव लागतं.

इथवर वाचताना मी खूश होतो. आजोबांचा जपान मला साक्षात भेटत होता. आपले खानखोजे, त्यांचा फान. एकच ओढ, एकच बंदर.

मग १९०७ चा जून येतो. रशियाशी लढून जपान कर्जात बुडाला होता आणि त्याला पॅरिसच्या बाजारात पैसा उभा करायचा होता. फ्रान्सला इंडोचायनाची काळजी होती. दोघांनी करार केला: आशियात एकमेकांच्या ताब्यातला मुलूख आपण मानायचा. पुढच्या दीड-दोन वर्षांत फ्रेंचांच्या मागणीवरून जपानी पोलिसांनी त्या मुलांची पांगापांग केली. १९०९ मध्ये फानला आणि कुओंग देला देशाबाहेर काढलं. जाताना फाननं जपानच्या परराष्ट्रमंत्र्याला खरमरीत पत्र लिहिलं.

हे वाचून मी थांबलो, आणि मग जे मी फार आधी करायला हवं होतं ते केलं: आपल्या बाजूचा १९०५ पुन्हा उघडला. त्सुशिमा मे महिन्यातली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात जपाननं इंग्लंडशी आपली मैत्री नव्या करारानं पक्की केली, आणि त्या करारात हिंदुस्थानच्या सरहद्दीचा उल्लेख आहे. आपला हिंदुस्थानी मुलूख राखण्यासाठी इंग्रज सरहद्दीवर जे करतील तो त्यांचा हक्क जपाननं मान्य केला. पुण्या-मुंबईत लोक जपानच्या विजयानं हरखले होते त्याच मोसमात. मी कित्येक वर्षं १९०५ शिकवला तो मेपर्यंतचा. ऑगस्ट माझ्या १९०५ मध्ये आलाच नाही.

त्यातही एक गंमत आहे, कडू गंमत. फानला १९०५ मध्ये घरी बोलावून धीर देणारे ओकुमा १९१५ मध्ये जपानचे पंतप्रधान होते. इंग्रजांच्या सांगण्यावरून, जपानात आश्रयाला आलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोसांना हद्दपार करायचा हुकूम त्यांच्याच सरकारनं काढला. रासबिहारी वाचले ते शिंजुकूमधल्या नाकामुराया या पाव-बिस्किटाच्या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं म्हणून. पुढं त्यांनी त्याच घरातल्या मुलीशी, तोशिकोशी लग्न केलं. म्हणजे सरकार हाकलत होतं आणि बेकरीवाले लपवत होते.

फानच्या गोष्टीतही असा एक बेकरीवाला आहे, फक्त तो डॉक्टर आहे. आसाबा साकितारो. मुलांच्या जेवणाखाण्याला पैसा उरला नाही तेव्हा फाननं भीड मोडून त्याला पत्र लिहिलं. त्या डॉक्टरनं सतराशे येन पाठवले. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती, आणि बदल्यात त्याला मिळण्यासारखं काहीही नव्हतं. १९१० मध्ये आसाबा वारला. १९१८ मध्ये फान पुन्हा जपानात आला, तो थेट शिझुओकाकडच्या आसाबाच्या गावी गेला आणि त्याच्या नावाचा दगड उभा करायचं ठरवलं. खिशात पुरेसे पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी हात लावला. तो शिलालेख अजून उभा आहे. एक कोटणीस जपानी सैन्यानं जखमी केलेल्यांना शिवत मेले आणि एक आसाबा परक्या देशाच्या पोरांना पोसून गेला. दोघे डॉक्टर, दोघे फार जगले नाहीत. यातून काही सिद्ध होत नाही. मला ते आवडलं म्हणून सांगितलं.

फानला पुढं १९२५ मध्ये शांघायमध्ये फ्रेंचांनी पकडलं आणि ह्वे शहरात नजरकैदेत ठेवलं. तिथं तो १९४० च्या ऑक्टोबरअखेर वारला. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात, सप्टेंबर १९४० मध्ये, जपानी सैन्य व्हिएतनाममध्ये उतरलं होतं. ज्यांची वाट पाहण्यात त्याचा जन्म गेला ते शेवटी आले.

येऊन त्यांनी काय केलं, हा माझ्या मतबदलाचा खरा बिंदू आहे. त्यांनी फ्रेंचांना हलवलंच नाही. फ्रान्स तेव्हा जर्मनीपुढं हरलेला होता, व्हिशी सरकार वाकलेलं होतं. जपानला बंदरं, विमानतळ, रबर आणि तांदूळ हवा होता, आणि तो फ्रेंच गव्हर्नर-जनरल देकू बिनबोभाट देणार असेल तर त्याचं राज्य मोडून स्वतः कारभार हाकायची कटकट कशाला? फ्रेंच झेंडा, फ्रेंच पोलीस, फ्रेंच तुरुंग जिथल्या तिथं राहिले. सरहद्दीवरच्या लांग सोनमध्ये कुओंग देच्या अनुयायांनी जपान्यांवर भरवसा ठेवून उठाव केला. जपान्यांनी फ्रेंचांशी मिटवून शहर परत केलं आणि उठाववाल्यांना वाऱ्यावर सोडलं. फ्रेंचांनी त्यांच्या म्होरक्याला ठार केलं. तब्बल साडेचार वर्षं मुक्तिदाता आणि मालक एकाच वाड्यात नांदले. 'आशिया आशियाईंसाठी' ही घोषणा मी मुलांकडून पाठ करून घेतली होती; ती घोषणा देणाऱ्यांनी सायगावात गोऱ्या गव्हर्नरला खुर्चीवर बसू दिलं होतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही.

९ मार्च १९४५ ला मात्र त्यांनी एका रात्रीत फ्रेंचांना कैद केलं. कारण सोपं होतं: फ्रान्समध्ये द गॉल आले होते, अमेरिकेचं आरमार जवळ येत होतं आणि इथले फ्रेंच उलटतील अशी भीती होती. दोन दिवसांनी बाओ दाई राजानं स्वातंत्र्य जाहीर केलं. कुओंग दे तिकडं जपानात म्हातारा होऊन बसला होता. त्याला कुणी विचारलंही नाही. तो १९५१ मध्ये टोकियोतच मेला.

बाहुल्या राजाची गोष्ट सांगोल्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १७५० मध्ये यमाजी शिवदेवाचं बंड मोडायला सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना बरोबर घेऊन आमच्या गावावर आले. बंड मोडलं आणि इथंच तो करार झाला, ज्यानं राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला आणि छत्रपतींकडं मान उरला. सांगोल्याच्या पोराला हे तिसरी-चौथीत कळतं. बाओ दाईचं 'स्वातंत्र्य' वाचताना मला ती सही दिसत होती. त्याच्या पंतप्रधानाबद्दल मात्र मला माया वाटली. त्रान त्रोंग किम हा शिक्षण खात्यातला माणूस, आपल्या देशाचा इतिहास सोप्या भाषेत लिहिलेला. इतिहासाच्या मास्तराला पंतप्रधान केलं की काय होतं ते पाहायला मी अधीर होतो. जे झालं ते असं की तो एप्रिलमध्ये खुर्चीवर बसला तेव्हा उत्तरेत माणसं उपासमारीनं रस्त्यावर मरत होती.

१९४४-४५ चा तोंकिनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा दुष्काळ. मेलेल्यांचे आकडे चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगितले जातात. हो ची मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ ला हनोईत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला त्यात वीस लाखांहून अधिक म्हटलं आहे. सगळ्यात खालचा आकडा धरला तरी तो आमच्या सांगोला तालुक्याच्या आजच्या वस्तीपेक्षा जास्त भरतो.

हे पुस्तकात वाचून पुढं जाणं मला जमलं नाही, कारण दुष्काळ हा एकच विषय असा आहे ज्यात मी पुस्तकाचा मिंधा नाही. १९७२ ला मी शाळेत होतो. आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जायच्या. पाझर तलावाच्या कामावर मीही सुट्टीत पाट्या टाकल्यात. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्या घशाखाली उतरायच्या नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशी कामावर होती. जनावरं गेली, रानं विकली गेली, माणसं मुंबई-पुण्याला पांगली. पण गावात भुकेनं मढी पडली नाहीत. पाऊस आमच्याकडं नव्हताच. तिकडं तोंकिनमध्ये उलट वादळानं आणि पुरानं पीक नासलं होतं. तरी आम्ही वाचलो आणि ते मेले. त्याचं कारण आभाळात शोधून सापडत नाही.

कारण लेव्हीत होतं. हा शब्द आमच्या पिढीला शिकवावा लागत नाही; ज्वारीच्या लेव्हीसाठी तलाठी दारात आला की आजी कणगीपुढं जाऊन बसायची. तोंकिनमध्ये फ्रेंच अधिकारी जपानी सैन्यासाठी आणि स्वतःच्या कोठारांसाठी शेतकऱ्यांकडून ठरलेल्या पडत्या भावानं सक्तीनं भात घेत होते. पीक बुडालं तरी कोटा कायम. शिवाय भाताच्या खाचरांत ताग लावायची सक्ती होती, कारण जपानला पोती हवी होती. भुईमूग आणि एरंडी हवी होती, कारण तेल हवं होतं. दक्षिणेत तांदूळ होता. पण अमेरिकन विमानांनी रेल्वे आणि किनाऱ्यावरची जहाजं फोडून काढली होती, आणि उरलेली वाहतूक सैन्याच्या कामाला. म्हणजे या मरणात फ्रेंचांचा वाटा आहे, जपानचा आहे, अमेरिकेच्या बॉम्बचा आहे, वादळाचाही आहे. कुणाचा किती यावर पंडित अजून भांडतात. मला त्या वाटणीत फारसा रस उरला नाही. मुक्त करायला आलेल्यांच्या राज्यात शेतकऱ्यानं भात उपटून ताग लावला आणि त्याची पोरं उपाशी मेली, एवढं मला मत बदलायला पुरलं. हो ची मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह या संघटनेनं तेव्हा लोकांना भाताची कोठारं फोडायला सांगितलं. मार्क्स किती जणांनी वाचला होता कोण जाणे. कोठार फोडून देणाऱ्यामागं लोक गेले.

यानंतर काही काळ मी दुसऱ्या टोकाला गेलो, हेही कबूल करतो. जपान म्हटलं की तोंडात कडू यायचं. एका मित्राशी त्यावरून वाजलंही. तो म्हणाला, "अरे, मग ते वाईट आणि आपण कोण?" त्यानं हे रागानं विचारलं होतं. पण तेवढ्यात मला आठवलं की चौधुरींच्या चिलखती गाड्या सायगावात काय करत होत्या, या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधलेलंच नाही.

उत्तर असं. जपान शरण गेल्यावर त्याच्या सैन्याची शस्त्रं काढून घ्यायला दक्षिण व्हिएतनाममध्ये विसावी इंडियन डिव्हिजन पाठवली गेली. सेनापती मेजर जनरल ग्रेसी सप्टेंबर १९४५ च्या मध्याला सायगावात उतरले. तिथं व्हिएत मिन्हचा कारभार सुरू झाला होता. ग्रेसींनी तो मानला नाही. कोठडीतल्या फ्रेंच सैनिकांना हत्यारं दिली, आणि २३ सप्टेंबरला फ्रेंचांनी सरकारी इमारती परत घेतल्या. मग लढाई पेटली. माणसं कमी पडली तेव्हा ग्रेसींनी, ज्यांना निःशस्त्र करायला आपण आलो त्याच जपान्यांना व्हिएतनामींवर सोडलं. ऐकलं नाहीत तर युद्धगुन्हेगार ठरवू, अशी धमकी त्यांच्या सेनापतीला, तेराउचींना दिली होती. ऑक्टोबरअखेर 'गेटफोर्स' नावाची एक तुकडी निघाली, तिच्यात भारतीय पायदळ, सोळाव्या कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या आणि एक जपानी पलटण होती. इंग्रजांच्या हुकमानं, फ्रेंचांच्या राज्यासाठी, भारतीय आणि जपानी खांद्याला खांदा लावून व्हिएतनामी शेतकऱ्यांवर चालून गेले. आजोबांच्या स्वप्नातली भारत-जपान युती एकदा तरी रणांगणावर अशी उभी राहिली.

त्याच ऑक्टोबरात जावात सुराबायाला मराठा लाइट इन्फन्ट्रीची सहावी पलटण डचांच्या वतीनं इंडोनेशियन तरुणांशी लढत होती. त्या पलटणीत आमच्या भागातली पोरं नसतील असं मानायला मी धजत नाही. जवाहरलाल नेहरू त्या वेळी जाहीरपणे बोलले की आपल्याच लढ्यातल्या मित्रांवर भारतीय शिपाई वापरले जातात याची लाज वाटते. शिपायाला कोण विचारतो? पण मग जपानी शिपायालाही कुणी विचारलं नव्हतं, आणि ही सवलत मला दोघांना द्यावी लागते किंवा कुणालाच नाही.

सहाशेच्या आसपास जपानी सैनिक मात्र परत गेलेच नाहीत. ते व्हिएत मिन्हला मिळाले. कुणाला मायदेशी खटल्याची भीती होती, कुणाचं तिथं घर झालं होतं, कुणाला 'आशिया आशियाईंसाठी' खरंच वाटत होतं. १९४६ मध्ये क्वांग न्गाई इथं निघालेल्या सैनिकी शाळेत शिकवणारे जपानी अधिकारी होते. फानला १९०५ मध्ये टोकियोत जे मिळालं नाही ते चाळीस वर्षांनी फरारी शिपायांनी त्याच्या देशात जाऊन दिलं. १९५४ नंतर त्यांतले बरेच जण जपानला परतले तेव्हा बायकामुलं तिथंच राहिली. सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको २०१७ च्या मार्चमध्ये व्हिएतनामला गेले तेव्हा त्या कुटुंबांना हनोईत भेटले, आणि ह्वेला जाऊन फान बोई चाऊच्या स्मृतिस्थळीही. जपानच्या सरकारनं ज्याला हाकललं त्याच्या दारात जपानचा सम्राट उभा राहायला एकशेआठ वर्षं लागली.

आता राहिला तो प्रश्न, जो मला सांगोल्यात प्रत्येक जण विचारतो. मग सुभाषबाबू चुकले का?

याचं उत्तर देताना मी पूर्वी गडबडायचो, आता नाही. सुभाषबाबूंना जपान माझ्यापेक्षा आणि आजोबांपेक्षा कितीतरी चांगला माहीत होता. चीनवरच्या आक्रमणाबद्दल त्यांनी १९३७ मध्येच 'मॉडर्न रिव्ह्यू'त जपानला सुनावलं होतं. आणि कोटणीसांचं पथक चीनला धाडलं ते काँग्रेसनं. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषचंद्र बोस. त्या पथकासाठी लोकांना आवाहन त्यांनीच केलं होतं. आमच्या भिंतीवरच्या दोन तसबिरींपैकी एकीनं दुसरीला पाठवलं होतं, आणि हे मला नोकरी संपल्यावर कळावं! तेव्हा जपान मुक्तिदाता आहे अशा भ्रमात ते टोकियोला गेले नव्हते. इंग्रजांना हलवायला दुसरा दांडका मिळेना म्हणून गेले. १९४३ मध्ये त्यांच्या जागी दुसरा कुणी काय करता, हे सांगोल्यात पंख्याखाली बसून सांगायचा मला अधिकार नाही. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की भ्रम त्यांचा नव्हता, आमचा होता. १७ ऑगस्ट १९४५ ला ते सायगावहून जपानी विमानानं निघाले, रात्री तुरानला, म्हणजे आजच्या दा नांगला थांबले. दुसऱ्या दिवशी तैपेईचा अपघात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, हनोईत लोकांनी सत्ता हातात घेतली. त्या तीन दिवसांत व्हिएतनामच्या एकाच किनाऱ्यावर आशियाच्या स्वातंत्र्याच्या दोन वाटा एकमेकींना न भेटता गेल्या.

२३ जानेवारीला नेताजींवर बोलायला मला दरवर्षी कुठून ना कुठून बोलावणं यायचं. गेल्या खेपेला मी भाषणात फान बोई चाऊ आणला, तोंकिन आणलं. समोरची पोरं ऐकत होती. पहिल्या रांगेतले एक जुने गृहस्थ उठून गेले. सभा संपल्यावर संयोजक म्हणाले, "सर, आजच्या दिवशी कशाला हे?"

पुन्हा बोलावलं तर अंदमानपासून सुरुवात करणार आहे. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बरोबर महिन्यानं, ३० जानेवारी १९४४ ला, त्याच बेटावर होमफ्रेगंजला जपान्यांनी हेर ठरवून चव्वेचाळीस भारतीयांना गोळ्या घातल्या. ज्या सेल्युलर जेलमध्ये सावरकर बंधू होते तिथंच त्या काळात जपान्यांनी भारतीयांना कोंडून छळलं. तिरंगाही सांगेन आणि होमफ्रेगंजही, त्याच क्रमानं, एकाच दमात. अजून कुणाचा फोन आलेला नाही.